डॉक्टर, मला एक चिठ्ठी हवी आहे

दवाखान्यात जाऊन ताप, खोकला, गुडघेदुखी सांगायला कुणाला लाज वाटत नाही. मूळव्याधीचं सांगायला माणूस चार दिवस घेतो, पण शेवटी सांगतो. मात्र "डॉक्टर, मी लहानपणापासून चारचौघांसारखा नाही, आणि याला काही नाव आहे का ते मला पन्नाशी उलटल्यावर जाणून घ्यायचं आहे," हे एवढं वाक्य बोलायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. आज त्या वाक्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्यापासून झाली नाही. माझी थोरली बहीण, आपा, मिरजेत असते. तिचा नातू चार वर्षांचा झाला तरी हाक मारली की मान वळवत नव्हता. चपला एका रांगेत लावायचा आणि कुणी एक चप्पल हलवली की घर डोक्यावर घ्यायचा. त्याला पुण्याला दाखवायचं ठरलं. इंग्रजी फॉर्म भरायला घरात मी एकटाच बी. ए. झालेला, म्हणून मीही गेलो. फॉर्म लांबलचक होता. मूल नजरेला नजर देतं का? ठरलेल्या गोष्टीत बदल झाला तर अस्वस्थ होतं का? विशिष्ट आवाजांनी कान झाकतं का? एकाच विषयात तासन्‌तास रमतं का? मी प्रश्न वाचायचा, आपानं उत्तर द्यायचं, मी खूण करायची. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला आपा थांबली आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "अरे, ये तो तेराच लिख रहा है तू."

मी पेन खाली ठेवलं.

आपा खोटं बोलत नव्हती. आमचं बालपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या आसपास गेलं. अब्बा एका कारखान्यात कारागीर होते. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे मोठमोठे भोपळे, तूनचं लाकूड, लाखेचा वास, यात मी वाढलो. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर कानस किंचित जास्त फिरली की मला ते पाच-सहा वर्षांचा असतानाच कळायचं. अब्बा कौतुकानं मला शेजारी बसवून घ्यायचे. पण त्याच पोराला दावतीला नेलं आणि स्टीलच्या ताटांचा खडखडाट सुरू झाला, की ते दोन्ही कान झाकून कोपऱ्यात जाऊन बसायचं. बोलायला मी तीन वर्षं उलटल्यावर लागलो. पुढं बोललो तेही रेल्वेबद्दल. मिरज जंक्शनवर तेव्हा तिन्ही रुंदीचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज. तिथली प्रत्येक गाडी, तिची वेळ, तिचे थांबे मला पाठ होते. आलेल्या पाहुण्याला मी नाव विचारत नसे, कुठल्या गाडीनं आलात ते विचारत असे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी लिहिलं होतं, "हुशार. पण घुम्या." दोन वाक्यांत माझं सगळं चरित्र आलं.

ईदची गळाभेट हा माझा वर्षातला सगळ्यात अवघड अर्धा तास. प्रेम नसतं असं नव्हे. अत्तराचा वास, अंगाचा स्पर्श, एकाच वेळी चार जणांचं बोलणं, आणि पुढच्या माणसाला मिठी मारायची की हात मिळवायचा हे क्षणात ओळखायचं. मी मनात तीनपर्यंत मोजतो आणि सुटतो. याउलट नमाजेच्या रांगेत मला कधीच अवघडल्यासारखं झालं नाही. तिथं कधी उभं राहायचं, कधी वाकायचं, कधी बसायचं हे सगळं ठरलेलं आहे. कविसंमेलनाचंही तसंच. हजार माणसांपुढं कविता म्हणायला मला काही वाटत नाही, कारण शब्द आधी लिहिलेले असतात. त्यानंतरच्या चहापानाला मात्र मी स्वच्छतागृहात जाऊन उभा राहिलेला आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

आता या अवस्थेबद्दल थोडं. ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. मूळ शब्द ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि तो स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास वेगळ्याच आजाराच्या संदर्भात वापरला. मला कवी म्हणून हा मराठी शब्द फारसा पटत नाही. कवीला स्वमग्न म्हटलं की कौतुक असतं आणि मुलाला म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. शिवाय त्यात 'मग्न' आहे, म्हणजे जणू काही आत सुख आहे आणि बाहेर यायची इच्छा नाही. माझा अनुभव उलटा आहे. मला बाहेर यायचं असतं. दार कुठल्या बाजूला उघडतं तेच कळत नाही. पण दुसरा शब्द रुळलेला नाही, तेव्हा हाच वापरतो.

हा आजार नव्हे, म्हणून तो बराही होत नाही. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, मात्र एकच एक जनुक त्याला कारण नसतं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच काही मुलांवर लिहिलं. त्यांच्याही आधी, १९२५ साली, ग्रुन्या सुखारेव्हा या रशियन डॉक्टर बाईंनी अशा मुलांचं बारकाईनं वर्णन केलं होतं, पण त्याकडं जगाचं लक्ष फार उशिरा गेलं. मधल्या काळात एक दुष्ट कल्पना बोकाळली. आई मायेनं वागत नाही म्हणून मूल असं होतं, ही ती कल्पना. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं ती घरोघर पोहोचवली. शास्त्रानं ती केव्हाच निकालात काढली आहे, पण आयांच्या मनातून ती गेली की नाही, हे मला विचाराल तर पुढं सांगतो.

मग माझ्या पिढीचं हे राहून कसं गेलं? मी १९७० च्या आसपास जन्मलेला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या ज्या निदानपुस्तिकेचा जगभर आधार घेतला जातो, तिच्यात ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली, तीही अगदी लहानपणी दिसणाऱ्या ठळक लक्षणांपुरती. ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ साली आस्पर्गर यांचं काम पुन्हा पुढं आणलं. बोलता येणाऱ्या, शाळेत बरे गुण मिळवणाऱ्या माणसांना त्या पुस्तिकेत जागा मिळाली १९९४ साली. तोवर माझं बी. ए. होऊन, नोकरी लागून, लग्नाची बोलणी चालू होती. २०१३ साली हे सगळे प्रकार एकाच नावाखाली आले, जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच केलं आणि तिची नवी सूची २०२२ पासून लागू झाली. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा माझ्यासारख्यासाठी कप्पाच नव्हता. 'घुम्या' हाच काय तो कप्पा.

पुण्याहून परतल्यावर मी गप्प बसलो असतो. इतकी वर्षं निभावलं, आता नाव घेऊन काय करायचं, हा विचार माझ्याही मनात आला. पण दोन गोष्टी अडल्या होत्या. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. बावीस वर्षं मी मागच्या खोलीत पुस्तकांच्या नोंदी करत होतो आणि माझ्या कामात चूक निघाली नाही. मग नवी व्यवस्था आली आणि मला पुढं देवघेवीच्या काउंटरवर बसवलं. यंत्राचा टुकटुक आवाज, फोन, पंखा, आणि एकाच वेळी बोलणारी सात मुलं. तक्रारी सुरू झाल्या. "सर आमच्याकडं बघतसुद्धा नाहीत, उद्धट आहेत." दोन मेमो मिळाले. तिसरा मिळाला असता तर चौकशी होती. दुसरी गोष्ट घरातली. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. बायको म्हणाली, "पोरीचं होऊन जाऊ द्या, मग काय ते तपासा. लोक म्हणतील बापाला वेडाचा झटका आहे." तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ती लोकांना ओळखते, मी ओळखत नाही.

शेवटी मेमोनं ढकललं आणि मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. गेली तीस वर्षं तेच आमच्या घराचे डॉक्टर आहेत. बाहेर बावीस जण बसलेले. आत गेल्यावर ते म्हणाले, "काय शायर, आज काय?" मी म्हणालो, "मला ऑटिझम असावा असं वाटतं." ते हसले. वाईट हसले नाहीत, धीर द्यायला हसले. म्हणाले, "अहो, तुम्ही स्टेजवर कविता म्हणता. संसार केलात, पोरं शिकवलीत. तो लहान मुलांना असतो. वय झालं की येतो असा उदासपणा." रक्तदाब बघितला, बी-बारा आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. सहा मिनिटांत मी बाहेर होतो. बी-बारा खरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली, आणि काउंटरवर पुन्हा तोच टुकटुक.

त्या सहा मिनिटांचा मी नंतर खूप विचार केला. डॉक्टरांची समजूत चुकीची होती, पण ती त्यांची एकट्याची नाही. हा लहान मुलांना असतो, हे अर्धंच खरं. तो लहानपणापासून असतो, आणि लहान मूल मोठं होतं. कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. तो मोठा झाला, कॉलेज शिकला, आपल्या गावच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, जगभर प्रवास केला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. म्हणजे ज्या मुलापासून या निदानाचा इतिहास सुरू होतो तो आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. संसार केला म्हणून ऑटिझम नाही, हेही तसंच. माणूस बघून बघून शिकतो. कुणाकडं किती वेळ बघायचं, 'बरं आहे ना'ला काय उत्तर द्यायचं, हे मी पाठ केलेलं आहे, जसं रेल्वेचं वेळापत्रक पाठ केलं. तज्ज्ञ याला मुखवटा चढवणं म्हणतात. मुली आणि बायका यात जास्त तरबेज होतात, त्यामुळं त्यांचं निदान आणखी हुकतं. त्याची किंमत संध्याकाळी घरी द्यावी लागते. मी घरी आल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत पडतो, हे डॉक्टरांना कुठून दिसणार?

पण चूक माझीही होती. मी त्यांच्यापुढं थेट निकाल ठेवला. पोटात दुखत असेल तर आपण "मला अपेंडिक्स झालंय" म्हणत नाही, कुठं आणि कधीपासून दुखतंय ते सांगतो. इथंही तेच करायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी वेळ मागून घेतली, दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आधीची. आणि एक पान लिहून नेलं. एकच पान, दोन्ही बाजूंनी नव्हे. वरच्या भागात लहानपणच्या गोष्टी: उशिरा बोलणं, ताटांचा आवाज, रेल्वे, मित्र नसणं, आणि प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स. मधल्या भागात आजच्या गोष्टी, पण 'मला गर्दी आवडत नाही' अशा मोघम नव्हेत. गर्दी कुणाला आवडते? मी लिहिलं, की मागच्या महिन्यात काउंटरवर दोघे एकदम बोलले तेव्हा मला एकाचंही वाक्य कळलं नाही आणि मी उठून निघून गेलो. लिहिलं, की गेली एकोणीस वर्षं मी रोज तोच डबा खातो, भाजी बदलली तर उपाशी राहतो. शेवटी, यामुळं काय बिघडतंय: दोन मेमो, झोप, घरातले वाद. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "या गोष्टी लहानपणी पाहिलेली माझी बहीण हयात आहे आणि यायला तयार आहे." ही शेवटची ओळ फार कामाची ठरली.

तोंडानं मी एवढंच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, निदान तुम्ही करा असं माझं म्हणणं नाही. नसेल तर नसेल. पण मोठ्या माणसांची ही तपासणी ज्यांना करता येते त्यांच्याकडं मला पाठवा, आणि चिठ्ठीत कशासाठी पाठवताय ते लिहा." त्यांनी पान वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. म्हणाले, "तीस वर्षं तुम्ही माझ्याकडं येताय आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलताय. मला वाटायचं तुम्ही तारखा बघता." आणि त्यांनी लेटरहेड पुढं ओढलं.

चिठ्ठीबद्दल थोडं खुलासेवार सांगतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून ही तपासणी करून घ्यायची तर साधारणपणे आपल्या भागातल्या डॉक्टरांमार्फतच जावं लागतं. तिथं २०१२ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली सुचवलेली आहे. दहापैकी सहा किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तपासणीचा विचार करावा, असं त्यात म्हटलं आहे. ती फक्त चाळणी आहे. ती भरली म्हणजे निदान झालं असं नव्हे, आणि गुण कमी आले म्हणजे सुटलो असंही नव्हे. आपल्याकडं चिठ्ठीची सक्ती नाही. कुणीही थेट मनोविकारतज्ज्ञाकडं जाऊ शकतो, जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून त्या विभागात बसू शकतो. डॉक्टर चिठ्ठी देत नसतील तर तिथंच अडून बसायचं कारण नाही. मग मी चिठ्ठीच्या मागं का लागलो? कारण चिठ्ठी नसली की पहिली भेट "झोप लागते का, भूक लागते का" यात जाते आणि माणूस उदासीनतेची गोळी घेऊन परत येतो. चिठ्ठीत चालू औषधं, रक्ताच्या तपासण्या आणि नेमका प्रश्न असला, की समोरचा त्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

कुणाकडं जायचं हा मोठा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि त्याच्या जोडीला भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत दोघेही भेटण्याचा संभव जास्त. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तर या क्षेत्रात देशभर ओळखली जाते. मात्र आधी फोन करून एक गोष्ट विचारावी: "अठरा वर्षांवरच्या माणसाची ऑटिझमची तपासणी तुम्ही करता का?" मी तीन ठिकाणी फोन केला. दोन ठिकाणी पलीकडून विचारलं, "मुलाचं वय काय?" मी म्हणालो, "चौपन्न." फोन ठेवला गेला. कुठं जायचं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. तिथं निदान होत नाही, वाट दाखवतात. आणि जो कुणी एका बैठकीत छापील निदान देतो, किंवा मूलपेशींच्या इंजेक्शनानं ऑटिझम बरा करतो म्हणून लाखांचा आकडा सांगतो, त्याच्या दारातून मागं फिरावं. त्या उपचाराला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

माझी तपासणी तीन बैठकांत झाली. रक्ताची किंवा मेंदूच्या फोटोची अशी कुठलीही तपासणी नाही जिच्यात ऑटिझम दिसतो. सगळं बोलण्यातून, बघण्यातून, जुन्या माहितीतून ठरवतात. ऐकू कमी येतं का ते आधी तपासून घेतलं. मग मानसशास्त्रज्ञ बाईंनी चित्रांवरून गोष्ट सांगायला लावली, मैत्री म्हणजे काय ते विचारलं, मध्येच एक विनोद केला आणि मला कळला का ते बघितलं. कळला नाही. लोकांत जायची भीती, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखा मंत्रचळ, लक्ष न लागणं, उदासीनता, यांतली काही लक्षणं ऑटिझमसारखी दिसतात, कधी त्याच्या जोडीनंही असतात, म्हणून एकेक वेगळं करून बघावं लागतं. बाई म्हणाल्या, भीती असलेल्या माणसाला काय बोलायचं ते माहीत असतं, पण लोक हसतील म्हणून तो बोलत नाही. तुम्हाला लोक हसतील याची फारशी पर्वा दिसत नाही, काय बोलायचं हेच शोधावं लागतं. एवढ्या नेमकेपणानं माझ्याबद्दल त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

या निदानाला बालपणाचा पुरावा लागतो. पस्तिशीनंतर अचानक सुरू झालेलं काहीतरी म्हणजे ऑटिझम नव्हे, त्याचं कारण दुसरं शोधायला हवं. म्हणून दुसऱ्या बैठकीला आपा आली. गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आली. बाईंनी विचारलं, हा कधी बोलायला लागला? आपानं सांगितलं. अम्मीनं मीरासाहेबांच्या दर्ग्यात धागा बांधला होता तेही सांगितलं. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "अम्मी मरेपर्यंत म्हणायची, की याच्या वेळी पोटात असताना ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली. घरात कामाला दुसरं कुणी नव्हतं. माझ्यामुळं हा असा झाला." हे मी चौपन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. अम्मीला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. बेटलहाइमचं नाव तिनं कधी ऐकलं नसणार. दोष घ्यायला तिला पुस्तकाची गरज पडली नाही. बाई आपाला म्हणाल्या, "विळीचा काही संबंध नाही, आजी. कशाचाच नाही." आपानं पदर तोंडाला लावला. मी कॅलेंडर शोधत होतो. त्या खोलीत ते नव्हतं.

निदान झालं: ऑटिझम आहे. बुद्धी आणि भाषा शाबूत आहे, त्यामुळं एवढी वर्षं झाकलं गेलं. औषध ऑटिझमवर नाही, झोपेसाठी आणि घालमेलीसाठी थोडं दिलं, तेही काही महिन्यांपुरतं.

प्रमाणपत्राचं मात्र वेगळं निघालं, आणि ते लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याला जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनपट्टी वापरतात ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केली. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या खाली आले तर त्या पट्टीवर ऑटिझम धरला जात नाही. मला चौसष्ट आले. म्हणजे तज्ज्ञांच्या निदानात मी आहे आणि सरकारी पट्टीवर नाही. बोलणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाची अडचण ही पट्टी पुरती पकडत नाही असं माझं मत झालं. पण ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याच्या वाट्याच्या सवलतीत मी वाटा मागावा असंही मला वाटलं नाही. मी तज्ज्ञांकडून फक्त एक पत्र घेतलं. त्यात लिहिलं होतं, की यांना शांत जागी, एका वेळी एकच काम दिल्यास ते उत्तम करतात. ते पत्र मी कामाच्या ठिकाणी दिलं. आता मी अर्धा दिवस मागच्या खोलीत असतो, अर्धा दिवस काउंटरवर, कानांत कापसाचे बोळे घालून. मेमो फाइलमध्ये तसेच आहेत. ते काढून टाकावेत असा अर्ज मी केला आहे, उत्तर आलेलं नाही.

मुलीच्या बाबतीत एका घरानं बोलणं थांबवलं. कारण सांगितलं नाही, त्यामुळं ते माझ्यावर घ्यावं की नको हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्या घरी मुलीनंच पहिल्या भेटीत सांगून टाकलं, "अब्बूंचं असं असं आहे." मुलाचे वडील थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे शादीत गळाभेट घ्यायची नाही, एवढंच ना?" बायको त्यांच्याकडं बघतच राहिली. निकाह झाला. व्याह्यांनी लांबूनच हात उंचावून सलाम केला आणि मीही.

आपाचा नातू आता सात वर्षांचा आहे. शब्द थोडे आले आहेत. मी मिरजेला गेलो की आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो, तो तंबोऱ्याच्या जुन्या खुंट्या रांगेत लावतो आणि मी त्या हलवत नाही.

आमच्या डॉक्टरांनी माझ्या त्या पानाची झेरॉक्स ठेवून घेतली होती. परवा रक्तदाब दाखवायला गेलो तेव्हा सगळे पेशंट गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "शायर, एक बाई आहेत, शिक्षिका आहेत, त्रेचाळीस वर्षांच्या. त्यांचं काय लिहायचं ते त्यांना सुचत नाहीये. त्यांच्या आईला तर यातलं काहीच सांगायचं नाहीये. तुमच्या बहिणीशी त्यांचं बोलणं करून द्याल का?" मी आपाला फोन केला. ती म्हणाली, बुधवारी दुपारच्या गाडीनं येते. मी तिला विचारलं, कुठल्या गाडीनं.